कुकडीच्या काठाने दोन दिवस: रेड्याची समाधी, खोडदच्या तबकड्या आणि निघोजचे रांजणखळगे

पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलेली गाडी नारायणगावला चहाला थांबते आणि सरळ पुढे निघून जाते. मुंबईकडून माळशेज चढून आलेली गाडी आळेफाट्यावर डिझेल भरते आणि नगरकडे सुटते. या दोन्ही गाड्यांनी जरा वाट वाकडी केली, तर काही तासांच्या फेऱ्यात काय काय सापडतं बघा: आकाशाकडे तोंड करून बसलेल्या प्रचंड तबकड्या, वेद बोललेल्या रेड्याची समाधी, हजारो वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची राख, ओढ्याने कोरलेला दगडी पूल, काळ्या कातळात लोंबणारे लवणस्तंभ आणि नदीने स्वतः घडवलेले रांजण. यातली बहुतेक ठिकाणं एकाच नदीच्या आसपास आहेत. नाणेघाटाच्या अंगाला उगम पावणारी कुकडी जुन्नर तालुका ओलांडून पारनेर आणि शिरूरच्या हद्दीवरून वाहते आणि पुढे घोडेला मिळते. आपली वाट साधारण तिच्याच बरोबरीने जाते.

ही फेरी मी वेगवेगळ्या ऋतूंत केली आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन केली, मुलांना घेऊनही केली. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी महिना ठरवा

या फेरीत सगळ्यात मोठी चूक महिन्याची होते. आम्ही पहिल्यांदा निघोजला गेलो ते श्रावणात. हिरवळ होती, हवा छान होती, आणि नदीत गढूळ पाण्याचा लोंढा होता. रांजणखळगे सगळे पाण्याखाली. काठावर उभं राहून मुलांना सांगत राहिलो, "इथे खाली खड्डे आहेत." मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहिलं नाही. पावसाळ्यात तिथे जाऊ नका. दिसत काही नाही, आणि निसरड्या कातळावर जीव धोक्यात घालायचं कारणही नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये नदीचं पाणी आणखी उतरतं, म्हणून खळगे जास्त उघडे पडतात, पण दुपारी कातळ इतका तापतो की लहान मुलांना तिथे नेणं नकोच. माझी निवड विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट. त्याचं एक खास कारण आहे. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि त्या सुमारास खोडदची रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीच्या तारखा निघण्यापूर्वी तपासून घ्या. एरवी आत जायचं तर आधी परवानगी लागते, आणि ती दारात जाऊन मिळत नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास गेलात तर वेगळं पाहायला मिळतं. नारायणगावात तेव्हा तमाशाच्या राहुट्या पडलेल्या असतात. गावोगावचे पंच यात्रेसाठी तमाशा ठरवायला, म्हणजे सुपारी द्यायला, तिथे येतात.

निघण्यापूर्वीची तयारी

दोन दिवस हाताशी ठेवा. एका दिवसात फेरी होते, पण मग प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा आणि पळायचं. त्यात काही हाती लागत नाही. पुण्याहून पुण्याला परत साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर होतात. त्यात हमरस्ता अर्ध्याहून थोडा जास्त, बाकी गावातले अरुंद डांबरी रस्ते. साधी छोटी गाडी पुरते.

बरोबर घ्यायचं ते असं: पकड चांगली असलेले बूट (चपला किंवा गुळगुळीत तळव्याच्या सँडल नकोत), डोक्याला टोपी किंवा पंचा, माणशी दोन लिटर पाणी, एक बऱ्यापैकी विजेरी, थोडे सुटे पैसे. आतल्या रस्त्यांवर मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. तरीही खरा नकाशा म्हणजे पारावर बसलेली माणसं. "निघोज कुठे?" एवढंच विचारू नका. "कुंडावर जायचंय" असं सांगा, म्हणजे तुम्हाला गावात न पाठवता थेट नदीवर पाठवतील.

आणखी एक गोष्ट, आणि ती हलक्यात घेऊ नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि या उसात बिबटे राहतात. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला गाडी थांबवून कोणीही खाली उतरायचं नाही, लहान मुलांना तर नाहीच. सूर्यास्ताच्या आत मुक्कामाला पोचायचं, असा नियम करून टाका.

पहिला दिवस: नारायणगाव आणि खोडद

पुण्याहून सहाच्या आत निघा. चाकणला कामगारांच्या बसगाड्या आणि ट्रक सुरू झाले की तासभर तिथेच जातो. राजगुरुनगर, मंचर मागे टाकत नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटरवर येतं. सकाळी आठच्या आत पोचलात तर नाश्ता निवांत होतो. टोमॅटोचा हंगाम असेल तर बाजारात एक चक्कर मारा. क्रेटच्या थप्प्या, त्यांतून वाट काढणारे पिकअप, बोली लावणारे व्यापारी, या गावाची खरी नाडी तिथे सापडते.

हे गाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. राहुट्यांच्या दिवसांत आलात तर एखाद्या राहुटीत डोकावून व्यवस्थापकाशी बोला. फडात किती माणसं, मुक्काम कुठून कुठे, ट्रकमध्ये काय काय भरतात, असं विचारलंत तर मोकळेपणाने सांगतात. फोटो मात्र विचारूनच काढा.

नारायणगावहून पूर्वेला वळलं की साधारण बारा-पंधरा किलोमीटरवर खोडद. गाव यायच्या आधीच शेतांच्या मागून पहिली तबकडी डोकं वर काढते. इथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. चौदा तबकड्या मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात दाटीने, आणि बाकी सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. म्हणूनच या भागात फिरताना मधूनच, उसाच्या किंवा कांद्याच्या रानापलीकडे, एखादी एकटी तबकडी उभी दिसते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे काम उभं केलं.

जवळून पाहायला मिळाली तर तबकडीच्या अंगाकडे नीट बघा. दुरून ती भरीव वाटते. जवळ गेल्यावर कळतं की ती जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांची जाळी, दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली, आणि तिच्यातून पलीकडचे ढग आरपार दिसतात. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे लहरींच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा मार झेलायला कितीतरी जड सांगाडा लागला असता आणि खर्चही त्याच पटीत वाढला असता. मला या सगळ्या फेरीत माणसाने केलेली सर्वांत सुंदर वस्तू हीच वाटते.

तिथे मोबाइल बंद ठेवा. सूचना म्हणून नव्हे, मनापासून ठेवा. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की तुमच्या खिशातल्या फोनची कुजबुजसुद्धा त्यापुढे आरडाओरडा ठरते. ही जागा निवडतानाही रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असण्याचाच विचार होता. जवळच्याच आर्वी गावी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचं विक्रम हे उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. एकाच खोऱ्यात असे दोन कान आकाशाकडे लागलेले आहेत.

परवानगी नसेल तर हिरमुसून जाऊ नका. रस्त्यावरूनही तबकड्या छान दिसतात. फक्त कुंपणाजवळ गाडी लावून गर्दी करू नका, आणि ड्रोन अजिबात उडवू नका.

बोरीची राख

खोडदच्या परिसरातून आतल्या रस्त्यांनी विचारत विचारत कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला जाता येतं. इथे पाहायला मंदिर नाही, वाडा नाही. नदीकाठच्या मातीच्या दरडीत एक फिकट, करड्या-पांढऱ्या रंगाचा थर आहे. तो ज्वालामुखीच्या राखेचा. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या थराचा आणि त्याच्यासोबत सापडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचा अभ्यास केला. राख किती जुनी यावर अजून वाद आहे. काहींच्या मते ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडालेली, तर काही मोजमापं तिला कित्येक लाख वर्षं मागे नेतात. कोणतंही मत खरं ठरलं तरी, हजारो किलोमीटरवरून वाऱ्यावर आलेली राख बोरीच्या दरडीत येऊन थांबली, आणि त्याच काठावर माणूस दगड फोडून हत्यारं करत होता, या विचाराने मला अजून तिथे दहा मिनिटं गप्प उभं राहावंसं वाटतं.

गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या, नाहीतर थर ओळखू येणार नाही. दरड उकरू नका. चिमूटभरही राख घरी आणू नका. प्रत्येक पाहुण्याने चिमूट उचलली तर दरडीला काही उरणार नाही.

आळ्याचा रेडा

आळेफाट्यापासून थोड्याच अंतरावर आळे गावात रेड्याची समाधी आहे. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदाने ज्ञानदेवांची परीक्षा पाहिली आणि त्यांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. पुढे भावंडं नेवाशाहून आळंदीकडे निघाली तेव्हा हा रेडा त्यांच्याबरोबर होता, आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. तिथेच त्याला समाधी दिली.

संतांच्या समाध्या आपण खूप पाहतो. एका जनावराला देवळात मान मिळालेला, त्याच्यापुढे टाळ-मृदंग वाजलेला क्वचितच पाहायला मिळतो. चैत्रात इथे यात्रा भरते. एरवी दुपारी मंदिर शांत असतं. मागच्या वेळी एक आजी गाभाऱ्याच्या उंबऱ्याला हात लावून पुटपुटत होत्या, "माउलीचा रेडा, आमच्या बी जनावरास्नी नीट ठेव." त्यांच्या घरच्या गाईला वासरू होणार होतं. इथे पंधरा मिनिटांसाठी येऊ नका. सभामंडपात बसा.

मुक्काम आळेफाटा किंवा नारायणगावला करा, दोन्हीकडे साधी, स्वच्छ लॉज मिळतात. रात्रीच्या जेवणाला मासवडी मागा. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण-मिरचीचं सारण भरून वळलेली वडी आणि झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. नाव मासवडी असलं तरी तिच्यात मासा नसतो. शाकाहारी मंडळींना हे आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा येणारे नाव ऐकूनच नको म्हणतात.

मुंबईकरांनी पहिला दिवस उलटा करावा. कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर करत आळेफाट्याला यायचं, आधी आळे, मग बोरी आणि खोडद, आणि नारायणगावला मुक्काम. घाटात धुकं असेल तर सकाळ थोडी उशिरा सुरू करा.

दुसरा दिवस: गुळुंचवाडीचा पूल

सकाळी सातला आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघा. बेल्हे मागे पडलं की आणे घाट लागतो आणि तिथेच गुळुंचवाडी. वाहनं इथून भरधाव जातात, म्हणून वेग आधीच कमी करा आणि मळगंगा देवीचं मंदिर विचारा. मंदिराजवळून ओढ्याच्या पात्रात उतरलं की समोर पूल दिसतो. कमान आहे, वरून चालता येईल अशी पाठ आहे, खालून ओढा जातो. पण त्यात चुना नाही, जोडलेला चिरा नाही. अखंड कातळ आहे.

वरचा कातळ टणक राहिला, खालचा त्या मानाने ठिसूळ भाग पाण्याने वर्षानुवर्षं पोखरला, आणि मधली पोकळी रुंदावत जाऊन कमान तयार झाली. खाली उभं राहून छताकडे पाहिलंत तर पाण्याने झिजवल्याच्या खुणा दिसतात. सकाळचं तिरकं ऊन कमानीतून आत येतं तेव्हा त्या खुणा सर्वांत स्पष्ट उमटतात, म्हणून हे ठिकाण सकाळीच करा. पावसाळ्यात ओढ्याला अचानक पाणी येऊ शकतं, तेव्हा खाली उतरू नका.

घाटाच्या माथ्याला आणे गाव आहे. रंगदास स्वामींच्या यात्रेला तिथे हजारो लोकांसाठी कढयांमधून आमटी रटरटत असते आणि घराघरांतून भाकऱ्या येतात. यात्रेच्या दिवसांत जाणं जमलं तर ती आमटी चुकवू नका.

टाकळी ढोकेश्वर आणि वडगाव दर्या

पुढे पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर. डोंगरात खोदलेलं शंकराचं लेणं आहे, दाराशी गंगा-यमुना आणि आत सप्तमातृका. लेणी पाहायची सवय असेल तर तासभर द्या, नसेल तर अर्धा तास पुरे.

तिथून आतल्या रस्त्याने कान्हूर पठाराच्या बाजूला वडगाव दर्या. हे ठिकाण मला या वाटेवर सर्वांत अनपेक्षित वाटतं. सपाट, कोरड्या माळावरून गाडी जात असते, आणि एकदम जमीन फाटल्यासारखी दरी समोर येते. पायऱ्या उतरून गेलं की दर्याबाई आणि वेल्हाबाई या देवींची स्थानं, आणि कपारीच्या छताला लोंबणारे लवणस्तंभ.

आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा. लवणस्तंभ म्हणजे चुनखडीच्या गुहांचं लक्षण. मग ते इथे कसे? पावसाचं पाणी वरच्या माती-खडकांतून झिरपताना त्यातला चुन्याचा अंश विरघळवून घेतं. कपारीच्या छताशी ते थेंबाथेंबाने बाहेर येतं आणि प्रत्येक थेंब जाताना चुन्याचा अगदी सूक्ष्म थर मागे ठेवतो. एखाद्या स्तंभाच्या टोकाशी विजेरी धरा आणि थांबा. टोकाला थेंब फुगतो, थरथरतो, बराच वेळ लोंबतो आणि मग सुटतो. दुसरा लगेच जमायला लागतो. आमची मुलगी असे अकरा थेंब मोजत उभी होती आणि हलायला तयार नव्हती.

स्तंभांना हात लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे चुना नीट बसत नाही आणि वाढ खुंटते. तुटलेलं टोक तुमच्या-आमच्या हयातीत भरून येत नाही. देवस्थान जागृत मानतात, चपला बाहेर काढा, कपारीत मोठ्याने बोलू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या सावकाश उतराव्या, चढताना दम लागतो.

निघोजचं कुंड

वडगाव दर्याहून निघोजकडे या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास नदीवर पोचा. त्याआधी कातळ भाजतो. अलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातली टाकळी हाजी, आणि मध्ये कुकडीने कोरलेला कातळ. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. आधी तिथे दर्शन घ्या, पाणी किती आहे ते पुजाऱ्यांना किंवा दुकानदारांना विचारा. वरच्या धरणातून नदीत पाणी सोडलेलं असेल तर पात्रात उतरायचं नाही. ते काय सांगतील ते ऐका.

पात्रभर खळगे आहेत. काही घागरीएवढे, काही विहिरीसारखे. जोराच्या प्रवाहात कातळावरच्या एखाद्या लहान खोलगट जागी भोवरा तयार होतो, त्यात दगडगोटे अडकतात आणि पाण्याच्या जोराने गरगर फिरत राहतात. गोटे कातळाला घासतात, खड्डा खोल होतो, खोल झाला की भोवरा आणखी घट्ट बसतो. दर पावसाळ्यात हे जातं पुन्हा सुरू होतं. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की ते एकमेकांत मिसळतात, आणि अशाच फुटत गेलेल्या रांजणांमधून नदीला खोल, अरुंद वाट मिळाली आहे.

आधी एखादा कोरडा, उथळ खळगा शोधा आणि त्याच्याजवळ बसा. तळाशी अजून गोटे असतात, अंड्यासारखे गुळगुळीत. ज्यांनी खड्डा खोदला तेच ते, पुढच्या पुराची वाट पाहत पडलेले. आतल्या भिंतीवरून तळहात फिरवा. फिरणाऱ्या दगडाच्या गोलाकार रेघा बोटांना लागतात, कुंभाराने चाकावर ओढल्यासारख्या. गोटा हातात घ्या, बघा, आणि जिथून उचलला तिथेच ठेवा.

खोल खळग्यांच्या कडेला उभं राहून फोटो काढू नका. कड आतून झिजलेली असते आणि भिंती इतक्या गुळगुळीत असतात की पडलेल्याला वर यायला पकड मिळत नाही. पोहायला उतरायचा मोह तर कटाक्षाने टाळा. लहान मुलाचा हात एका मोठ्याने धरलाच पाहिजे, आणि त्या मोठ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको.

साडेपाचच्या सुमारास ऊन कलतं आणि प्रत्येक रांजणाची अर्धी बाजू सावलीत जाते. तेव्हा सगळं पात्र एखाद्या कुंभारवाड्यासारखं दिसतं.

परतीची वाट

निघोजहून शिरूर साधारण पंचवीस किलोमीटर. उजेड आहे तोवर हा टप्पा पार करा, कारण दोन्ही बाजूंना ऊस आहे. शिरूरला पुणे–नगर हमरस्ता मिळाला की पुढे रांजणगाव, अष्टविनायकांतला महागणपती वाटेतच आहे. शिक्रापूर ते वाघोली संध्याकाळी वाहनांची रांग लागते, म्हणून चहा-खाणं शिरूरलाच उरकून घ्या. तिसरा दिवस मोकळा असेल तर शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. मोर पहाटे आणि संध्याकाळीच बाहेर येतात, तेव्हा तिथे मुक्काम करून पहाटे साडेपाचला उठायची तयारी असली तरच तिकडे गाडी वळवा.